वाचकांचे प्रश्न : सीटिंग डाय कोणती घ्यावी?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. स्थानिक क्लबात एफ-टीआर प्रकारात (रायफल दुपायी टेकूवर ठेवून लांब पल्ल्यावर नेम धरण्याचा प्रकार) .३०८ विंचेस्टर रायफलने ६०० यार्डांवर नेमबाजी करतो आणि काडतुसे घरीच भरतो. संचातल्या साध्या सीटिंग डायने (बुलेट पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या कवचात, ठरावीक खोलीवर दाबून बसवणारा साचा) बुलेट बसवल्यावर काडतुसांच्या एकूण लांबीत सहा-सात हजारांश इंचांचा फरक दिसतो. मायक्रोमीटरची (खोली सूक्ष्म आकड्यांनी लावता येणारी) महागडी डाय घ्यावी का?
— एक वाचक

उत्तर : पैसे खर्च करण्यापूर्वी आपण लांबी कोठून मोजता, ते पाहा. मॅच बुलेटचे टोक बहुधा उघडे असते आणि एकाच डब्यातल्या बुलेटांची टोके सारखी नसतात. सीटिंग डायमधला दांडा मात्र टोकाला न टेकता त्याखालच्या वक्राला टेकून बुलेट दाबतो. त्यामुळे टोकांतला सारा फरक एकूण लांबीत उतरतो आणि दोष विनाकारण डायवर येतो. कॅलिपरला कंपॅरेटर (बुलेटच्या वक्रावर ठरावीक जागी टेकणारे जोडसाधन) लावून पुंगळीच्या बुडापासून बुलेटच्या ओजाइव्हपर्यंत, म्हणजे त्या वक्रापर्यंत, मोजावे. तेथे फरक एक-दोन हजारांशच निघाला, तर आपली डाय तिचे काम चोख करीत आहे.

तरीही नवी घ्यायची झाल्यास पैसे मायक्रोमीटरसाठी नव्हे, स्लीव्हसाठी (डायमधल्या सरकत्या नळीसाठी) मोजावेत, असे माझे मत आहे. रेडिंगची कॉम्पिटिशन डाय किंवा फॉर्स्टरची बेंच रेस्ट डाय यांत स्प्रिंगवर सरकणारी स्लीव्ह असते; ती बुलेट पुंगळीच्या मानेत (बुलेट धरणाऱ्या तोंडाकडच्या अरुंद भागात) शिरण्यापूर्वीच पुंगळी आणि बुलेट यांना एका रेषेत धरते. फॉर्स्टरची हीच रचना मायक्रोमीटरविना, कमी किमतीत मिळते. मायक्रोमीटरने सोय होते, म्हणजे एका बुलेटवरून दुसरीवर जाताना जुना आकडा लावता येतो, एवढेच. एकच बुलेट वापरणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही. विल्सनची हाती डाय आर्बर प्रेसवर (हाताने दाबायच्या छोट्या दाबयंत्रावर) वापरतात. तिच्यात बुलेट शिरताना लागणारा जोर हाताला जाणवतो आणि एखादी सैल मान लगेच कळते, पण काम संथ होते.

मात्र वाकडी मान कोणतीही सीटिंग डाय सरळ करीत नाही. साइझिंग डायमधला (वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातला) एक्स्पांडर बॉल, म्हणजे मान आतून रुंदावणारा गोळा, बाहेर येताना मान ओढतो आणि वाकडेपणा बहुतेक वेळा तेथेच सुरू होतो. म्हणून साइझ केलेली रिकामी पुंगळी डायल गेजखाली (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाखाली) फिरवून पाहावी. मान तेव्हाच डुलत असेल, तर दुरुस्ती साइझिंगमध्ये करावी लागेल.

लांब, निमुळत्या बुलेटांसाठी व्हीएलडी स्टेम, म्हणजे अशा बुलेटांसाठीचा दांडा, वेगळा घ्यावा, कारण साध्या दांड्याच्या पोकळीचा तळ त्यांच्या टोकाला लागू शकतो. बुलेटवर गोल वळ उठत असेल, तर दांड्याची कड तीक्ष्ण आहे किंवा मान फार घट्ट आहे. ज्यांत बुलेट बसताना पावडर दाबली जाते अशी काडतुसे स्लीव्हच्या डायमध्ये जोराने रेटू नयेत; दांडा बिघडतो. बुलेट पुढे आणून रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) टेकवल्यास दाब वाढतो, तेव्हा पावडरचे प्रमाण कमी करून, लोडिंग मॅन्युअल पाहत पुन्हा वर जावे.

भारतातील वाचकांसाठी : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे वरील सल्ला जेथे हा छंद कायदेशीर आहे, तेथील नेमबाजांपुरताच आहे.