बोटीच्या डिझेल इंजिनचा स्टार्टर (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बदलायला २४ हजार सांगतात, बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज येतो, इंजिन फिरत नाही, आणि मेकॅनिकनं स्टार्टर न उघडताच 'नवा टाकावा लागेल, २४ हजार' म्हणून सांगितलं. आकड्याचं नंतर बोलू. आधी त्या 'न उघडताच'बद्दल बोलतो, कारण त्यावरून आमच्या घरात अजून भांडण आहे.

आमचं गाव चिकोडी तालुक्यात कृष्णेच्या काठावर. वडिलांनी जन्मभर नदीवर तर, म्हणजे माणसं पलीकडं नेणारी नाव, चालवली. आता पूल झालेत, बंधाऱ्यांवरून गाड्या जातात, पण पावसाळ्यात कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली गेला की पलीकडचं हाकेच्या अंतरावरचं गाव गाडीनं लांबचा वळसा होऊन बसतं. तेव्हा बोटच. आमची पत्र्याची बोट, तिच्यात ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, १२ व्होल्टचा सेल्फ. आमच्याकडं स्टार्टरला कुणी स्टार्टर म्हणत नाही, सेल्फच.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्ही बातम्यांत बघितला असेल. नदी उसाच्या शेंड्यावरून वाहत होती. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला. आमची बोट गावाच्या वरच्या अंगाला बांधली होती. रात्रभर पाऊस, तळात पाणी साचलं, आणि सेल्फ फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) बाजूला खालीच असल्यामुळं तो पहाटेपर्यंत गाळाच्या पाण्यात बुडून राहिला. सकाळी चावी मारली तर टक्. तुमच्यासारखंच. पलीकडच्या वस्तीवर माणसं माळवदावर बसलेली, जनावरं सोडून दिलेली, दोन म्हाताऱ्या आजारी. सरकारी बोटी मोठ्या गावांकडं गेलेल्या.

माझा चुलतभाऊ म्हणाला, "उघडत बसू नकोस, गेला तो. मी नवा घेऊन येतो." आणि मोटरसायकल काढून चिकोडीला गेलासुद्धा. मिरजेचा रस्ता बंद होता, नाहीतर तिकडंच गेला असता.

मी तोवर सेल्फ काढला. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवली, बोल्ट काढले, सोप्यात पोतं अंथरून त्यावर उघडला. मागचं झाकण काढल्यावर आतून चमचाभर गाळ निघाला. कार्बन (करंट आत पोचवणारे छोटे ठोकळे) होल्डरमध्ये अडकून बसले होते, स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, दाबतच नव्हती. कार्बन टेकले नाहीत तर आर्मेचरला, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाला, करंट जाणार कुठून? सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) बिचारा आपलं काम करून टक् म्हणत होता. होल्डर डिझेलनं धुऊन फडक्यानं कोरडे केले, कम्युटेटर बारीक काचपेपरनं घासला (एमरी पेपर वापरू नका, त्याची भुकटी चिरांत बसून शॉर्ट करते), चिरांतली काळी घाण सुईनं काढली. बॅटरीला हेडलाइटचा बल्ब जोडून आर्मेचर आणि फिल्ड कॉइल (बॉडीच्या आतल्या स्थिर तारांची वेटोळी) बॉडीला शॉर्ट आहेत का ते बघितलं. बल्ब लागला नाही, म्हणजे वाइंडिंग बॉडीला शॉर्ट नव्हतं. मग डिझेलचा वास पुरता गेल्यावर सगळं चुलीपासून हातभर लांब ठेवून सुकवलं. घाई करून आगीजवळ धरलं असतं तर वार्निश गेलं असतं. घरात कार्बनचा एक सेट पडून होता, तो टाकला. बेंडिक्सला (पिनियन पुढं सरकवणाऱ्या भागाला) ग्रीस न लावता हलकं तेल दिलं, कारण ग्रीसला धूळ चिकटून पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, पुढं सरकायचा थांबतो.

दुपारी बसवला आणि पहिल्या चावीला इंजिन लागलं. आम्ही पलीकडं जाऊन आलो. दोन्ही म्हाताऱ्या पहिल्याच फेरीत आणल्या.

चुलतभाऊ संध्याकाळी आला, नवा सेल्फ घेऊन. नाव नसलेला डब्बा, आणि पुराच्या दिवसांत दुकानदारानं लावलेला भाव. शेजारी ठेवून बघितला तर पिनियनला एक दात कमी. तो बसवला असता तर फ्लायव्हीलची दातेरी रिंग खाल्ली असती, आणि रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली. दुकानदारानं परत घेतला नाही.

एवढं होऊनसुद्धा तो आजही लग्नकार्यात चारचौघांत म्हणतो, "तू नशीबवान, कॉइल जळलेली असती तर दिवस वाया गेला असता." त्याला माझं उत्तर हेच आहे, आणि तुम्हालाही हेच: कॉइल जळली आहे की नाही हे उघडल्याशिवाय कळतच नाही. उघडून बघायला लागतो तेवढा वेळ नवा आणायच्या वाटेतसुद्धा जातो. तोच सेल्फ अजून बोटीवर आहे. मधे एकदा बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) बदलले, बाकी काही नाही.

आता तुमचा खर्च. आमच्याकडं कार्बन आणि बुश मिळून पाचशे-सातशेच्या आत होतात. सोलेनॉइड हजाराच्या आसपास. आर्मेचर रिवाइंडिंग (तारा नव्यानं गुंडाळणं) दीड ते अडीच हजार. मजुरी धरून सगळंच करायची वेळ आली तरी चार-पाच हजारांच्या वर जाऊ नये. ट्रॅक्टर-पिकअपच्या इंजिनाला बसणारा चांगल्या कंपनीचा नवा सेल्फ सहा ते नऊ हजारांत येतो. तुमचं इंजिन मुळातच बोटीसाठी बनवलेलं असेल आणि कंपनीच्या डीलरकडून ओरिजिनल मागवायचा असेल तर वीस हजारांच्या पुढं जातो, म्हणून २४ हा आकडा खोटाच आहे असं मी म्हणणार नाही. पण तो शेवटचा आकडा आहे, पहिला नाही.

सेल्फ काढण्याआधी मीटर घ्या. चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. कुणाला तरी चावी धरायला सांगा आणि तेव्हाच बॅटरीवर बघा. साडेनऊच्या खाली पडत असेल तर बॅटरीच गेलेली असू शकते. मग तेव्हाच बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची केबल खराब. प्लसच्या केबललाही तसंच. बोटीत निम्मं दुखणं इथंच असतं. वरून केबल धडधाकट दिसते आणि लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत तांबं हिरवं होऊन भुकटी झालेलं असतं.

तुम्ही खाडीत बोट चालवता असं लिहिलंय, आमचं नदीचं गोडं पाणी, म्हणून काही गोष्टी वेगळ्या आहेत. सेल्फमध्ये खारं पाणी गेलं असेल तर नुसतं सुकवून चालत नाही, आधी गोड्या पाण्यानं धुवावं लागतं. बॉडी आतून गंजून पापुद्रे सुटत असतील तर त्यावर पैसे घालू नका, तिथं नवाच घ्या. तुमचं एक्झॉस्ट पाण्याचं, म्हणजे धुराबरोबर पाणीही बाहेर टाकणारं, असेल तर इंजिन लागत नसताना पुन्हा पुन्हा सेल्फ मारताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, नाहीतर पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं आणि सेल्फचं बिल त्यापुढं काहीच वाटणार नाही. इंजिन लागलं की कॉक लगेच उघडा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे दोन मिनिटं थांबा.

आणि हे वाचून कुणी पेट्रोलच्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनाला गाडीचा स्वस्त सेल्फ बसवायला जाऊ नका. गाडीच्या सेल्फची ठिणगी बाहेर येऊ शकते, बोटीच्या तळात पेट्रोलची वाफ साठते आणि पेटते. तिथं मरीनचाच घ्यायचा, कितीही महाग असो. मी वर लिहिलं ते डिझेलचं आहे.

मेकॅनिकला सांगा की उघडून बघायचे पैसे वेगळे देतो, पण माझ्यासमोर उघड. तयार नसेल तर सेल्फ काढून जवळच्या शहरात गाड्यांचे सेल्फ-अल्टरनेटर रिवाइंड करणाऱ्याकडं न्या. नवाच घ्यायची वेळ आली तर जुन्याचे पिनियनचे दात मोजा, फिरण्याची दिशा आणि १२ की २४ व्होल्ट ते नावपट्टीवरून लिहून घ्या, आणि जुना दुकानात सोबत घेऊन जा.