वाचकांचे प्रश्न: झाडातल्या दोन वाटा

प्रश्न: गुरांनी झाडाच्या बुंध्याची साल चहूबाजूंनी खाल्ली. दीड महिना झाला, पाने अजून हिरवीच आहेत. झाड वाचले असे समजायचे का?

उत्तर: इतक्यात नाही. पाण्याची वाट शाबूत आहे, एवढेच हिरव्या पानांवरून कळते. पाणी आणि क्षार जलवाहिन्यांतून वर चढतात आणि त्या सालीत नसतात, आतल्या लाकडात असतात. पानांतून बाष्प बाहेर पडते तसा त्यांतला पाण्याचा सलग स्तंभ वर खेचला जातो.

पानांत तयार झालेली साखर मात्र रसवाहिन्यांतून खाली येते. या वाहिन्या जिवंत पेशींच्या बनलेल्या असून सालीच्या आतल्या थरात असतात. साल गेली की मुळांचा शिधाच बंद होतो. साठवलेल्या पिष्टावर (स्टार्चवर) मुळे काही काळ तगतात. तो संपला की नवी मुळे आणि त्यांवरचे केसांसारखे मूलरोम फुटत नाहीत, पाणी शोषणे मंदावते आणि तेव्हा कुठे पाने सुकू लागतात. जखमेच्या वरच्या कडेला साल फुगते, ती तिथे अडलेल्या साखरेमुळे. इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगी यांनी सतराव्या शतकात सालीचे कडे काढून हीच सूज पाहिली होती. (नारळ, ताड यांच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात, त्यांना हा हिशेब लागू नाही.)

आधी जखम नीट पाहा. सालीचा एखादा उभा पट्टा शिल्लक असला तरी आशा आहे. काहीच उरले नसेल, तर साल सहज सुटण्याच्या दिवसांत त्याच झाडाच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या जखमेवर उभ्या बसवा. काडी जखमेपेक्षा थोडी लांब घ्या. दोन्ही टोके पाचरीसारखी तासून वरच्या आणि खालच्या सालीखाली सरकवा, बारीक खिळ्याने पक्की करा आणि सांधे कलमाच्या मेणाने बंद करा. दर 5 ते 8 सेंटिमीटरवर एक काडी पुरते. काडीचे बूड खालीच हवे. उलटी बसवली तर ती नीट पोसत नाही.

प्रश्न: पाने पिवळी पडली की नेमके काय कमी आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर: आधी कोणती पाने पिवळी आहेत ते बघा. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले, तर झाड ते जुन्या पानांतून काढून रसवाहिन्यांवाटे कोवळ्या शेंड्याला देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. लोह असे सहजी हलत नाही. त्यामुळे शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. अशा वेळी मातीत लोह असूनही माती चुनखडीची किंवा पाणी तुंबलेली असल्याने मुळांना ते मिळत नाही, असेच बहुधा आढळते. खताचा डोस वाढवण्याआधी निचरा तपासा. जास्त खताने मातीतले पाणी इतके खारट होते की मुळांना ते ओढता येत नाही आणि पानांच्या कडा करपतात.

कॅल्शियम तर जवळजवळ फक्त जलवाहिन्यांतूनच जाते. फळातून बाष्प फारसे बाहेर पडत नाही, म्हणून पाणी कधी तुडुंब, कधी अजिबात नाही असे झाले की टोमॅटोचे बूड काळे पडते. पानांवर मारलेले कॅल्शियम फळापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. पाणी नियमित द्या.

प्रश्न: फुलदाणीत पाणी असूनही फुले कोमेजतात, ते का?

उत्तर: देठ कापताच जलवाहिन्यांत हवा शिरते आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. पुढे जिवाणूही त्या बुजवतात. देठाचे 2 ते 3 सेंटिमीटर पाण्यात बुडवूनच पुन्हा कापा, बुडणारी पाने काढा आणि पाणी रोज बदला.