‘शेजाऱ्यांना काय सांगू?’ : पेडण्याच्या एका आईला उत्तर

प्रिय ताई,

मुलगी टी.वाय.ला आहे, प्राणिशास्त्र घेतलंय आणि पुढे पुरुषांच्या प्रजननमार्गात द्रव कसा शोषला जातो यावर संशोधन करायचं म्हणते. ‘शेजाऱ्यांना काय सांगू, आणि यात पोट भरेल का?’ असं तुम्ही विचारलंय.

आधी विषय समजून घ्या. शुक्राणू वृषणातून पातळ द्रवासोबत बाहेर पडतात. पुढच्या अपवाही नलिका, म्हणजे वृषणातून निघणाऱ्या बारीक नळ्या, त्यातला सुमारे ९० टक्के द्रव शोषून घेतात, म्हणून अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होतात त्या नळीत) शुक्राणू दाट होऊन पोचतात. नलिकेच्या पेशी सोडियम आत ओढतात, पाणी त्याच्या मागोमाग येतं. या कामावर नियंत्रण असतं रिसेप्टरमार्फत, म्हणजे पेशीतल्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनांमार्फत, येणाऱ्या संदेशांचं. त्यातला एक मोठा संदेश इस्ट्रोजेनचा, ज्याला आपण बायकांचं हार्मोन समजतो! १९९७ साली उंदरांमध्ये दिसलं, की इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर नसेल तर द्रव शोषला जात नाही, वृषणात तुंबतो आणि नर वंध्य होतो. एडीजीआरजी२ हा दुसरा रिसेप्टर. त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या काही पुरुषांना जन्मतः शुक्रवाहिनीच नसते.

मूल होत नसलं की आपल्याकडे सगळ्यांचे डोळे सुनेकडे वळतात. प्रत्यक्षात अशा साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. तुमची लेक त्या कारणांचा शोध घेणार आहे. शेजाऱ्यांना हेच सांगा, मान वर करून.

आता पोटापाण्याचं. एडीजीआरजी२ ज्या कुळातला आहे, त्या कुळातल्या रिसेप्टरांवर आजची जवळजवळ एक तृतीयांश औषधं काम करतात. म्हणजे ती पेशीसंदेशांचं तंत्र शिकली, तर पुढे मूत्रपिंडावर (तिथेही असंच सोडियम आणि पाणी शोषलं जातं) किंवा औषधसंशोधनातही काम करू शकेल. माझ्या मते विषय बदलायला लावू नका. मात्र वाट लांब आहे. एम.एस्सी. ताळगावला गोवा विद्यापीठात करता येईल, किंवा जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर देऊन आयआयटीत. मग नेट-जेआरएफ ही संशोधनासाठी फेलोशिप देणारी परीक्षा, आणि पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. फेलोशिप मिळाली तर घरून पैसे लागत नाहीत, पण कायम नोकरी तिशीच्या आसपास, तीही बहुधा गोव्याबाहेर. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांवर भिस्त ठेवू नका. तिथे मुख्यतः उत्पादन आणि गुणवत्ता तपासणीची कामं असतात. मध्येच थांबावंसं वाटलं, तर आयव्हीएफ केंद्रांतल्या प्रयोगशाळांचा पर्याय आहे, त्यासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागेल.

एम.एस्सी.चा अर्ज भरण्याआधी तिने प्रयोगशाळेत काही आठवडे घालवावेत. पेशी वाढवणं, सूक्ष्मदर्शकाखाली ऊतकांचे काप बघणं, फसलेला प्रयोग पुन्हा मांडणं हे तिला रोज करायला आवडतंय का, ते तिथेच कळेल. मुंबईत परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. उन्हाळी सुट्टीत तिथे काम करता येईल का, असं विचारणारी ईमेल तिने याच आठवड्यात पाठवावी. मजकूर तिचा तिलाच लिहू द्या.