नदीखोऱ्यातील पाऊस कमी होत आहे का, हे आकडेवारीवरून कसे ठरवावे?

आपला प्रश्न असा आहे की, एका नदीखोऱ्यातील २८ पर्जन्यमापक केंद्रांची ५० वर्षांची मासिक आकडेवारी हाती आहे, वार्षिक पावसाच्या आलेखावर बसवलेली सरळ रेषा खाली उतरताना दिसते, तर पाऊस कमी होत आहे असे लिहिता येईल का. माझ्या मते एवढ्या आधारावर तसे लिहू नये. रेषेपेक्षा तिच्या आधी करायचे काम अधिक महत्त्वाचे आहे आणि बहुतेक अहवालांत तेच घाईने उरकलेले दिसते.

प्रथम नोंदी तपासाव्यात. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही आणि रिकामी जागा म्हणजे नोंद झाली नाही. संगणकावरील तक्त्यांत हा फरक सहज पुसला जातो. नोंद न झालेले महिने शून्य धरले गेले आणि अशा गळती अलीकडच्या वर्षांत जास्त असतील, तर प्रत्यक्षात नसलेली घट आलेखावर उमटते. केंद्राच्या जागेचाही प्रश्न असतो. पर्जन्यमापक दुसरीकडे हलवला, जवळ झाडे वाढली किंवा इमारत उभी राहिली, की हवामान तेच असूनही त्यात जमा होणारे पाणी बदलते. हे ओळखण्याची जुनी पण भरवशाची रीत अशी, की त्या केंद्राच्या पावसाची वर्षागणिक चढती बेरीज एका अक्षावर आणि शेजारच्या केंद्रांच्या सरासरीची तशीच बेरीज दुसऱ्या अक्षावर मांडायची. बिंदूंची ओळ एखाद्या वर्षापासून स्पष्टपणे वळत असेल, तर त्या केंद्राचा इतिहास शोधावा लागतो. बदलाचे वर्ष नेमके करण्यासाठी पेटिट यांची १९७९ मधील चाचणी वापरता येते, पण ती फक्त वर्ष सुचवते, कारण सांगत नाही.

संपूर्ण खोऱ्याची सरासरी काढताना साधी सरासरी टाळावी. थिसेन यांनी १९११ मध्ये सुचवलेल्या बहुभुज पद्धतीत प्रत्येक केंद्राला त्याच्या वाट्याच्या, म्हणजे इतर केंद्रांपेक्षा त्याला जवळ असलेल्या, क्षेत्रफळाइतके वजन मिळते. डोंगराळ भागात ती अपुरी पडते, कारण उंचीचा पावसावरील परिणाम तिच्या हिशेबात नसतो. काही वर्षे एखादे केंद्र बंद असेल, तर त्या वर्षांसाठी वजने पुन्हा काढावी लागतात.

आता कलाची, म्हणजे दीर्घकालीन वाढ-घटीची, चाचणी. सरळ रेषेवर एकदोन अतिवृष्टीच्या वर्षांचा प्रभाव फार पडतो, विशेषतः ती मालिकेच्या टोकाला असतील तर. म्हणून मान-केंडॉल चाचणी वापरली जाते. तिचा पाया मान यांनी १९४५ मध्ये घातला. तिच्यात प्रत्येक वर्षाची तुलना त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाशी होते आणि किती जोड्यांत पाऊस वाढला, किती जोड्यांत घटला, एवढेच मोजले जाते. ५० वर्षांच्या १,२२५ जोड्या होतात. समान आकडे नसतील, तर ५ टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे कल नसतानाही तो दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतली, तर) घट मान्य होण्यासाठी घटीच्या किमान ७३१ आणि वाढीच्या फार तर ४९४ जोड्या हव्यात. आपल्या मालिकेत हे मोजून पाहिले, की डोळ्यांना दिसणाऱ्या उताराला किती वजन द्यायचे ते कळेल. उताराचे माप मात्र या चाचणीतून मिळत नाही. त्यासाठी सेन यांच्या १९६८ मधील पद्धतीने सर्व जोड्यांच्या उतारांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढावा.

ही चाचणी दरवर्षीचा पाऊस मागील वर्षापासून स्वतंत्र आहे असे गृहीत धरते. ओल्या वर्षांमागे ओली आणि कोरड्यांमागे कोरडी वर्षे येत असतील, तर ती नसलेला कल अधिक वेळा दाखवते. त्यामुळे आधी स्वसहसंबंध, म्हणजे मालिकेचा स्वतःच्याच मागील वर्षांशी असलेला संबंध, तपासून, गरज असल्यास हामेद आणि राव यांची १९९८ मधील दुरुस्ती लावावी. मासिक मालिका सलग वापरू नये. प्रत्येक महिन्याची तुलना इतर वर्षांतील त्याच महिन्याशी व्हावी.

२८ केंद्रे वेगवेगळी तपासली, तर कोठेही कल नसतानाही ५ टक्के पातळीवर सरासरी एकदोन केंद्रे केवळ योगायोगाने ‘सार्थक’ ठरतील. शेजारच्या केंद्रांवर पाऊस बहुधा एकत्रच कमी-जास्त होत असल्याने अशी खोटी केंद्रे नकाशावर गटाने दिसू शकतात, आणि मग तो गट पाहून भूगोलाची स्पष्टीकरणे रचली जातात. हा मोह आवरावा.

शिवाय सुरुवातीचे वर्ष पाचदहा वर्षांनी पुढे सरकवून सर्व गणित पुन्हा करावे. मालिका ओल्या दशकापासून सुरू होत असेल, तर घट जवळजवळ आपोआप मिळते. सुरुवात बदलताच कलाचे चिन्हच बदलत असेल, तर ‘घट’ हा शब्द अहवालात येऊ नये. काळानुसार चढउतार आहेत, एवढेच लिहावे. घट टिकली, तर ती मिलिमीटर प्रतिदशकात, विश्वासांतरासह, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे त्या मर्यादांसह, द्यावी. कमी दिवसांत जास्त पाऊस पडू लागला आहे का, याचे उत्तर मात्र मासिक आकड्यांतून मिळणार नाही. त्यासाठी दैनंदिन नोंदीच मिळवाव्या लागतील.