पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की यूकेला येऊ का?

तू विचारलंयस की आपण गोव्याचे म्हणून लिस्बनला जन्मनोंदणी झालीये, पासपोर्ट यायचाय, स्विंडनला मामा आहे, आणि यूके आणि ईयू (युरोपियन युनियन) परत जवळ येतायत तर थेट इकडेच येऊ का. नको रे. ब्रेक्झिट झालं, म्हणजे यूके ईयूतून बाहेर पडलं, आणि त्या पासपोर्टवर इथं येऊन कामाला लागायचे दिवस 31 डिसेंबर 2020 ला संपले. आता आपल्या बाकीच्या लोकांसारखाच तुलाही व्हिसा लागणार, स्किल्ड वर्कर म्हणजे कुशल कामगाराच्या व्हिसाला साधारण 41,700 पौंड पगार दाखवावा लागतो आणि वेअरहाऊसमध्ये तेवढा कुणी देत नाही. मामाचं नातं तर त्यात धरतच नाहीत.

मी 2013 ला आलो, त्यामुळे तो सगळा तमाशा इथूनच बघितला. जून 2016 ला 51.9 टक्के लोक बाहेर पडू म्हणाले, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी 29 मार्च 2017 ला कलम 50 लावलं, म्हणजे ईयूला बाहेर पडायची रीतसर नोटीस दिली आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू, आणि आपल्याला नक्की काय हवंय हे घरातच ठरलेलं नाही! सिंगल मार्केट (ईयूची सामायिक बाजारपेठ) नको, कस्टम्स युनियन (सामायिक जकात) नको, पण ईयूतलं आयर्लंड आणि यूकेतलं उत्तर आयर्लंड यांच्या सीमेवर चेकनाकाही नको, आता हे तिन्ही एकदम कसं जमायचं? त्यात मध्येच निवडणूक घेऊन होतं ते बहुमतही घालवलं.

आणि मे बाईंचं ते 'वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा'. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण 'राहू दे' म्हणून चार पावलं पुढं जातो ना, तसलंच. पण ते चालतं कारण पुढं दुसरी बाई तेच विकत बसलेली असते. इथं जवळपास अर्धा व्यापार ईयूच्या त्या 27 देशांशीच, पुढं जाणार कुठं? ईयूच्या बाजूने बोलणी करणाऱ्या बार्निएला हे पक्कं माहीत होतं. त्याने सांगितलं, आधी पैसे, इथं राहणारे लोक आणि आयरिश सीमा, व्यापाराचं नंतर. यूकेला सगळं एकदम बोलायचं होतं, पण पहिल्याच बैठकीत मान तुकवली.

आधीपासून इथं असलेल्या आम्हा ईयू पासपोर्टवाल्यांचं भलं त्या क्रमामुळेच झालं. नाहीतर सरकार आमच्या हक्कांची हमी द्यायला तयार नव्हतं, आधी ईयूत राहणाऱ्या ब्रिटिशांचं काय ते बोला म्हणे. वर्षभर आम्ही पत्त्यातली पानं होतो. माझ्या बायकोने तर गावच्या घराची कौलं बदलून घ्यायला सांगितली होती, परत जावं लागलं तर म्हणून. मग सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथं कायम राहायचा हक्क, मिळालं, तेही नुसतं ऑनलाइन, हातात कार्ड नाही.

2025 च्या मे मधल्या यूके-ईयू बैठकीत तरुणांना एकमेकांकडे जाऊन राहता-काम करता यावं अशा योजनेवर बोलू असं ठरलं खरं, पण तीही ठराविक मुदतीची, त्यावर घरदार सोडू नकोस.

त्यापेक्षा डब्लिन बघ. आयर्लंड ईयूतच आहे, तुझ्या पासपोर्टवर लगेच काम करता येईल, फक्त तिथली भाडी ऐकायच्या आधी खुर्चीत बस. पाच वर्षं राहिलास की आयरिश नागरिकत्वाला अर्ज करता येतो, आणि आयरिश माणसाला यूकेत व्हिसा लागत नाही, तेव्हा ये मामाकडे. तोवर डब्लिनहून बसने बेलफास्टला (ते उत्तर आयर्लंडात, म्हणजे यूकेत) कामाला मात्र जाऊ नकोस, सीमेवर कुणी अडवत नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही.