इतर माशांच्या टाकीत नवा फायटर मासा कसा रुळवावा?

तुमच्या साठ लिटरच्या टाकीत दहा एम्बर टेट्रा (थव्याने फिरणारे छोटे मासे) आणि सहा कोरिडोरास (तळाशी वावरणारे मासे) सहा महिन्यांपासून सुखाने नांदत आहेत. त्यांच्यात एक नर फायटर, म्हणजे बेट्टा, सोडायचा आहे आणि त्यासाठी पिशवी किती वेळ पाण्यावर तरंगत ठेवावी, असे तुम्ही विचारले आहे. पिशवीचे काम अर्ध्या तासात आटोपते. खरा प्रश्न त्यानंतरच्या आठवड्याचा आहे, कारण बेट्टाला नवे पाणी लवकर मानवते, नवे शेजारी मात्र मानवतीलच असे नाही.

मासा आणल्याबरोबर मोठ्या टाकीत सोडू नका. पंधरा-वीस लिटरच्या लहान टाकीत हीटर आणि स्पंज फिल्टर लावून त्याला किमान दोन आठवडे, शक्यतो चार आठवडे, वेगळा ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग किंवा बुरशी असेल तर ती या काळात दिसून येते आणि तुमच्या सोळा माशांवर संकट ओढवत नाही. शिवाय मासा काय खातो, किती चपळ आहे, आरशात स्वतःला पाहून किती चवताळतो, हेही तुम्हाला कळते. क्षणभर कल्ले फुलवून आपल्या वाटेने जाणारा मासा आणि आरसा काढल्यावरही पाच मिनिटे काचेवर धडका देत राहणारा मासा यांच्या स्वभावात मोठा फरक असतो, आणि दुसऱ्या प्रकारचा मासा मी इतरांबरोबर सोडणार नाही. बेट्टाच्या पूर्वजांची निवड सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, पिढ्यानपिढ्या झुंजीसाठीच होत आली, त्यामुळे हा तापटपणा त्याच्या रक्तातच आहे. फक्त कोणात किती उतरला आहे, ते आधी सांगता येत नाही.

दरम्यान मोठी टाकी तयार करा. नव्या माशामुळे जुन्यांनी हद्दीवरून भांडू नये म्हणून टाकीतील मांडणी बदलावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तुमच्या टाकीत हद्द सांगणारे कोणी नाही, त्यामुळे त्या कारणासाठी मांडणी बदलण्याची गरज नाही. मात्र टाकीच्या एका टोकाला उभ्या असलेल्या बेट्टाला दुसऱ्या टोकापर्यंत सगळे दिसत असेल, तर संपूर्ण टाकीच त्याला आपली वाटते. म्हणून मध्यभागी उंच पानांच्या वनस्पती किंवा लाकडाचा एखादा ओंडका अशा रीतीने ठेवा की नजर मध्येच अडावी आणि टेट्रांना दोन-तीन ठिकाणी आड जाता यावे. बेट्टासाठी पृष्ठभागाच्या जवळ एखादे रुंद पान असावे. तो त्यावर चक्क लोळतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला मासा मेला की काय असे वाटते.

बेट्टाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेतील प्राणवायू घेणारे एक खास इंद्रिय असते, त्यामुळे त्याला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते. यासाठी तरंगत्या वनस्पतींनी सारा पृष्ठभाग झाकू देऊ नका, आणि झाकण असले तरी पाणी व झाकण यांच्यात काही सेंटिमीटर हवा राहू द्या. फिल्टरचा झोत जोराचा असेल तर त्याच्या तोंडावर स्पंज बसवा. लांब शेपटीचा नर प्रवाहाशी झगडून थकतो आणि थकलेला मासा आजारी पडायला वेळ लागत नाही. तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस ठेवल्यास तिन्ही जातींचे भागते. फक्त तुमचे कोरिडोरास पेपर्ड जातीचे असतील तर त्यांना थोडे थंड पाणी आवडते, तेव्हा २५ च्या वर जाऊ नका. माशांच्या मलमूत्रामुळे पाण्यात साचणारी विषारी द्रव्ये, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य असल्याची चाचणी करूनच पुढे जा.

सोडण्यासाठी संध्याकाळ निवडा. टेट्रांना आधी खाऊ घाला, टाकीचा दिवा बंद करा. बेट्टाला लहान टाकीतून आणताना जाळीऐवजी पेला वापरा, कारण जाळीत त्याचे पर फाटतात. पेला पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्या, मोठ्या टाकीतले पाणी थोडे थोडे करून त्यात घाला, मग मासा अलगद सोडा. पेल्यातले पाणी टाकीत ओतू नका. मासा दूरवरून बंद पिशवीत आला असेल, तर पिशवी उघडल्यावर तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणे घातक ठरते. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि साचलेल्या अमोनियाचे विषारी रूपही वाढते, त्यामुळे अशा माशाला लहान टाकीत लवकर सोडावे.

दुसऱ्या सकाळी दिवा लागला की बेट्टा टेट्रांच्या थव्यावर एक-दोनदा धावून जाईल, कल्ले फुलवेल. त्यात काळजीचे कारण नाही. तो टेट्रांना सोडून फिरू लागतो का, आणि टेट्रा पुन्हा मोकळ्या पाण्यात येतात का, हे पाहा. ते दिवसभर एकाच कोपऱ्यात दाटीने बसत असतील, किंवा बेट्टा एकाच माशाच्या मागे लागला असेल, तर बेट्टाला लहान टाकीत परत नेण्यासाठी मी तीन दिवसांहून अधिक वाट पाहत नाही. फाटलेला पर दिसला तर तेवढीही नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. सर्पा टेट्रांबरोबर ठेवलेल्या माझ्या पहिल्या फायटरची शेपटी झिजत गेली आणि मी आठवडाभर पाण्यालाच दोष देत राहिलो. एका रात्री टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा टेट्रा पाळीपाळीने येऊन शेपटीचे तुकडे तोडत होते. एम्बर टेट्रा सहसा तसे करत नाहीत, पण बेट्टाचे पर मिटलेले, रंग फिका आणि अन्नाकडे पाठ असेल, तर छळ त्याचाच होत आहे, असे समजून तपासा.

खाण्याच्या वेळी गोंधळ होतो तो वेगळाच. बेट्टा पृष्ठभागावर खातो, तरी खाली जाऊन कोरिडोरासच्या गोळ्याही फस्त करतो आणि पोट फुगवून बसतो. बेट्टाचे दाणे एका कोपऱ्यात आणि टेट्रांचे दुसऱ्या कोपऱ्यात एकाच वेळी टाका; कोरिडोरासच्या गोळ्या दिवा बंद झाल्यावरच द्या.

आणि ती लहान टाकी निदान महिनाभर मोडू नका. माझा तिसरा फायटर पाचव्या दिवशी तिच्यात परत गेला, आणि दुसऱ्या सकाळी एका कोपऱ्यात त्याने बुडबुड्यांचे घरटे बांधलेले होते.