मूळ संख्या, वर्गमूळ आणि मुळा

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न: ‘सर्वात मोठी मूळ संख्या सापडली’ अशी बातमी वाचली. इथे ‘मूळ’ बरोबर की ‘अविभाज्य’? आणि वर्गमुळातलं मूळ ते हेच का?

आधी बातमीचं. मूळ संख्या म्हणजे १ पेक्षा मोठी आणि १ व स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. सर्वात मोठी मूळ संख्या सापडूच शकत नाही, कारण ती नाहीच! मूळ संख्या अनंत आहेत हे ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली ती ‘आजवर माहीत असलेली’ सर्वात मोठी: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. ‘आजवर माहीत असलेली’ एवढं गाळलं की वाक्य खोटं होतं, आणि ते दर वेळी गाळलं जातं.

संख्या मात्र देखणी आहे. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून मांडली तर नुसते १ एकापुढे एक, १३ कोटींहून जास्त. तिचा घातांकही मूळच असावा लागतो. संयुक्त, म्हणजे लहान संख्यांचा गुणाकार असलेला, घेतला तर उत्तराला विभाजक मिळतातच. उलट मात्र खरं नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९.

शब्द ‘मूळ’च चांगला. बालभारतीच्या पुस्तकांतही तोच आहे. ‘अविभाज्य’ फक्त काय होत नाही ते सांगतो, तेही अर्धवट, कारण १ ने आणि स्वतःने भाग जातोच. ‘मूळ’ काय होतं ते सांगतो: बाकीच्या संख्या यांच्याच गुणाकारातून होतात. ६० म्हणजे २×२×३×५, दुसऱ्या कुठल्या मूळ संख्यांतून ते येणार नाहीत. युक्लिडचा शब्दही ‘प्रोतोस’, म्हणजे पहिला, आद्य.

वर्गमुळातलं मूळ मात्र झाडाचं, आणि खरी गंमत तिथे आहे. आर्यभटाच्या इ.स. ४९९ च्या सुमाराच्या ग्रंथात ‘वर्गमूल’ आहे. नवव्या शतकात बगदादला अरबीत लिहिणारा गणिती अल्-ख्वारिज्मी त्याच अर्थाने ‘जिध्र’ म्हणतो, म्हणजे झाडाचं मूळ. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचं ‘रॅडिक्स’ केलं. त्याच रॅडिक्सचा इंग्रजीत ‘रॅडिश’ झाला, आणि आपल्याकडे ‘मूलक’चा मुळा!

‘जिध्र’ हे ‘मूल’चंच भाषांतर, असं माझं ठाम मत आहे. काही इतिहासकार म्हणतात, अरबांना ते स्वतंत्रपणे सुचलं. मग ग्रीकांनी वर्गमुळाला ‘बाजू’ म्हटलेलं समोर असताना ते सोडून अरब झाडाकडे का वळले? संस्कृतात वर्गमुळाला ‘पद’ही म्हणतात. मूळ काय, पाय काय, दोन्ही तळाशी, ज्यावर वर्ग उभा राहतो ते. ही कल्पना आपल्याकडे दोन शब्दांत रुजलेली दिसते. योगायोग म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.